पलंग कुठे ठेवायचा?

नवीन फ्लॅट घेतलेल्या कुठल्याही मित्राकडे जा, बेडरूम दाखवताना एक वाक्य हमखास येतं. "पाय दरवाजाकडे नकोत, फेंगशुईत चालत नाही." मग डोक्यामागे भक्कम भिंत हवी, समोर आरसा नको, वर बीम नको. आणि शेवटी, "हजारो वर्षांचं शास्त्र आहे रे बाबा!" गेले दोन वीकेंड मी ही हजारो वर्षं जरा उकरून बघतोय. त्यातलं काही खरंच तेवढं जुनं आहे, पण आपण ज्या कारणासाठी पलंग सरकवतो ते कारण वेगळंच.

फेंगशुई म्हणजे शब्दशः वारा-पाणी. या विद्येचा सुरुवातीचा मोठा भाग घरांचा नाही, थडग्यांचा आहे. पूर्वजांना योग्य जागी पुरलं की पुढच्या पिढ्यांची भरभराट होते, ही मूळ कल्पना. ग्वो पू (इ.स. 276-324) याच्या नावावर सांगितला जाणारा या विषयातला सर्वात प्रसिद्ध ग्रंथ दफनाबद्दलच आहे.

झोपायच्या दिशेचा उल्लेख मात्र त्याहून जुना. हान काळात संकलित झालेल्या 'लीजी' या आचारग्रंथात सांगितलंय की सभ्य माणसाने पूर्वेला डोकं करून झोपावं. उत्तरेला डोकं मृताचं. कन्फ्यूशियसच्या संवादांतही तो प्रेतासारखा पसरून झोपत नसे अशी नोंद आहे. थोडक्यात काय, जिवंत माणूस मेलेल्यासारखा दिसता कामा नये. दरवाजाकडे पाय नकोत, यामागेही हीच भीती सांगतात. प्रेत तसंच बाहेर नेतात ना! आपल्याकडे दक्षिणेला पाय केले की आजी ओरडते, कारण ती यमाची दिशा. दक्षिणेला पाय म्हणजे उत्तरेला डोकं, नेमकी चिनी प्रेताची स्थिती. योगायोग असेल, पण मजेशीर आहे.

तेव्हाही शंका काढणारे होतेच बरं का. पहिल्या शतकातल्या वांग छोंगने घर पश्चिमेला वाढवू नये या समजुतीचा समाचार घेतलाय. पश्चिम ही घरातल्या मोठ्यांची मानाची जागा, म्हणून हा शिष्टाचाराचा प्रश्न, शुभ-अशुभाचा नाही, असं त्याचं म्हणणं. आपल्याला आवडला हा माणूस!

आता प्रत्यक्ष पलंग. उत्तर चीनमध्ये लोक 'खांग'वर झोपत. खांग म्हणजे विटांचा ओटा, चुलीचा गरम धूर त्याच्या पोटातून फिरवून तापवलेला. तो सरकवणार कसा? जिथे चूल, तिथे झोप. इतरत्र सधन घरांत छताचे, कठड्यांचे, पडदे लावलेले लाकडी पलंग असत, म्हणजे खोलीतच एक छोटी खोली. पडदे ओढल्यावर आरसा कुठे आणि दरवाजा कुठे!

पण पलंगाची खरी काळजी असायची ती लग्नाच्या वेळी. 'आन छ्वांग' म्हणजे पलंग मांडण्याचा विधी, आणि तो हाँगकाँग-तैवानमध्ये आजही होतो. पंचांगातला मुहूर्त बघून पलंग जागेवर ठेवतात, मुलंबाळं असलेली भाग्यवान समजली जाणारी बाई अंथरूण घालते, एखाद्या लहान मुलाला गादीवर लोळवतात. वर सुकी लाल बोरं, शेंगदाणे, लाँगन आणि कमळबिया पसरतात, कारण त्यांच्या चिनी नावांतून 'लवकर थोर मुलगा होवो' असं ऐकू येतं. चक्क कोटी! पुढे दिवस राहिले की 'थायशन', म्हणजे गर्भाचा देव, घरात जागा बदलत फिरतो. आज तो पलंगाशी आहे की चुलीशी की दाराशी, हे चिनी पंचांगात रोजचं छापलेलं असतं. तिथे खिळा ठोकायचा नाही, सामान हलवायचं नाही. गरोदर बाईला जड ओढाओढ टळली, हा फायदाच. पण काही वाईट घडलं की कोणीतरी खिळा ठोकल्याची आठवणही निघणारच.

पैसा, करिअर, रिलेशनशिप असे कप्पे करून जगभर खपलेली फेंगशुई अगदी अलीकडची. 1949 नंतर चीनमध्ये ही विद्या अंधश्रद्धा ठरली. अमेरिकेत ती लोकप्रिय करण्यात बीजिंगमध्ये जन्मलेल्या लिन युन (1932-2010) यांचा मोठा वाटा. 1986 मध्ये त्यांनी बर्कलीत मंदिर काढलं. त्यांच्या पद्धतीत घराचे आठ भाग होकायंत्राने नाही, दरवाजापासून मोजतात. पलंगावरून दरवाजा दिसावा पण पाय त्याच्या रेषेत नसावेत, यावर तिथे फार भर. फ्लॅटमध्ये हे सोयीचं, होकायंत्रही लागत नाही. आपल्याकडे हे सगळं पुस्तकांतून आणि लाफिंग बुद्धाबरोबर आलं.

हे सगळं वाचायला बसलो त्याला कारण आहे. एक मित्र आणि वहिनी मूल होत नाही म्हणून ट्रीटमेंट घेतायत. एका सल्लागाराने घरी येऊन पलंगावरच्या बीमकडे बोट दाखवलं, फी घेतली आणि गेला. वहिनींनी मला विचारलं, "खरंच त्यामुळे असेल का हो?" मी त्यांना लिन युन सांगितले, वांग छोंग सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

पलंग त्यांनी हलवलाय. आता मोबाईल चार्जिंगला एक्स्टेंशन बोर्ड लागतो, आणि ट्रीटमेंट चालूच आहे.