उपऱ्याचा वाटा

परवा गावातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर बाहेरून आलेल्या फेरीवाल्यांवरून जुंपली होती. त्यात एकाने ठासून लिहिलं, "जगातला कुठलाही धर्म आधी आपल्या माणसांचंच बघायला सांगतो." खाली धडाधड अंगठे उमटले. मी तेव्हा गप्प बसलो. पण ते वाक्य खरं नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

ज्यू लोकांचा धर्मग्रंथ म्हणजे तोरा. ख्रिस्ती बायबलातली पहिली पाच पुस्तकंही तीच. त्यात 'गेर' हा हिब्रू शब्द वारंवार येतो. गेर म्हणजे दुसरीकडून येऊन गावात राहिलेला, पण जिथे राहतो तिथे ना वतन, ना भावकी असा माणूस. आपल्याला हा माणूस नवा नाही. मराठेशाहीत गावात मिरासदार असत, त्यांचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क. आणि उपरी असत, ते जमीन कसत पण त्यांना तो हक्क नसे. गेर म्हणजे साधारण हाच उपरी.

त्याच्याबद्दल कायदा काय सांगतो बघा. पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत कापायचं नाही. खाली पडलेला सरवा वेचायचा नाही. पेंढी शेतात विसरली तर ती आणायला परत जायचं नाही. हे सगळं गोरगरिबांचं, अनाथ-विधवांचं आणि गेरचं. ही भीक नव्हे. मालकाने उपकार म्हणून हातावर ठेवायचं नाही, त्यांनी स्वतः येऊन वेचून न्यायचं. तो त्यांचा वाटा.

गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची, मग तो आपल्यातला असो की गेर. आठवड्याची सुट्टी त्यालाही. निवाडा करताना त्याला एक न्याय आणि गाववाल्याला दुसरा, असं चालणार नाही. हातून चुकून कोणाचा जीव गेला तर सूड घेणाऱ्यांपासून वाचायला सहा आश्रयनगरं ठरवलेली होती, त्यांचं दारही गेरला उघडं.

आणि याचं कारण काय दिलंय? दया नव्हे, आठवण. तुम्ही स्वतः इजिप्तमध्ये उपरे होतात, उपऱ्याच्या जिवाला काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, असा त्याचा आशय. नंतरच्या तालमूद ग्रंथात तर ज्यू धर्मपंडितांनी मोजदाद केली आहे, की तोराने गेरबद्दल ३६ ठिकाणी बजावलंय. काहींच्या मते ४६. लेवीय पुस्तकात याच्याही पुढचं एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा की जमीन देवाची आहे, तुम्ही सगळेच त्याच्याकडे उपरे आहात. म्हणजे खरा मिरासदार कोणीच नाही!

आता दुसरी बाजू लपवली तर मी पत्रकार कसला? याच ग्रंथात परक्याकडून व्याज घ्यायला मुभा आहे. परक्या लोकांतून गुलाम विकत घ्यायलाही आहे. शेजारच्या मवाबी लोकांना तर दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नका असा हुकूम आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, बाबिलोनहून परतलेल्या ज्यूंना एज्राने परक्या बायका सोडायला लावल्या. त्यात मुलंबाळं झालेल्या बायकाही होत्या.

आणि तरीही त्याच बायबलात रूथची गोष्ट आहे. रूथ कोण? मवाबी! बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचं घर, पण तिथेच दुष्काळ पडला आणि नामीचं कुटुंब मवाबात गेलं. तिथे नवरा गेला, मग पोरांची लग्नं झाली. पुढे दोन्ही पोरंही गेली. नामी परत निघाली तेव्हा विधवा सून रूथही तिच्याबरोबर आली. सासूचं आणि आपलं पोट भरायला ती बवाजच्या शेतात सरवा वेचायला लागली. म्हणजे वर सांगितलेला कायदा तिच्यामुळे जिवंत झाला. पुढे बवाजने तिच्याशी लग्न केलं. राजा दावीद तिचा पणतू. येशूच्या वंशावळीतही तिचं नाव आहे. काही अभ्यासक म्हणतात की ही गोष्ट म्हणजे एज्राच्या धोरणाला दिलेलं उत्तर आहे. काहींना ते पटत नाही. पण दोन्ही आवाज एकाच ग्रंथात जपलेत, हे तर दिसतंच.

यातला एक धागा थेट आपल्या मराठीपर्यंत येतो. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे शनवार तेली. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं. वाचलेले इथेच राहिले, तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले आणि मराठी बोलू लागले. १९४८ नंतर बरेचसे इस्रायलला गेले. तिथे काय झालं? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने, यांची लग्नं लावण्याआधी वंशाची चौकशी करा असं फर्मान काढलं. ३६ वेळा बजावणाऱ्या ग्रंथाच्या देशात आपली मराठी माणसं उपरी ठरली! त्यांनी आंदोलन केलं, आणि १९६४ साली संसदेने ते पूर्ण समान ज्यू असल्याचा ठराव केला. धर्मपीठालाही नमतं घ्यावं लागलं.

म्हणजे ग्रंथात लिहिलं की काम झालं असं नाही. दर पिढीला ते पुन्हा भांडून मिळवावं लागतं.

हे लिहिताना माझंच एक खातं उघडावंसं वाटतंय. इतकी वर्षं बातम्या लिहितोय. चोर बाहेरचा असला की मथळ्यात 'परप्रांतीय' टाकलंय. इथला असला की 'तरुण'. कोणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप तसा चालायचा.

त्या ग्रुपवरच्या दादांना एवढंच विचारतो: तुमचा थोरला पुण्यात आहे, पुतण्या दुबईत. त्यांना तिथे पहिली खोली कोणी दिली होती?