विजयदुर्गचे दोन दावेदार



दादरहून वांद्र्याकडे जातांना माहीमची खाडी लागते. अठराव्या शतकाच्या मध्यास ही खाडी दोन सत्तांची सीमा होती. १७३७ ते १७३९ या काळांत मराठ्यांनीं साष्टी व वसई पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलीं आणि खाडीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे मराठे असे समोरासमोर आले. मुंबईकर इतके धास्तावले कीं, कोटाभोंवतीं खंदक खणण्यासाठीं व्यापाऱ्यांनीं ३०,००० रुपये वर्गणी जमविली. असे हे शेजारी सोळा वर्षांनीं खांद्याला खांदा लावून लढले. तें कां, व पुढें काय झालें, हें आज सांगावयाचें आहे.

दोघांचा शत्रु एकच होता, तुळाजी आंग्रे. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले आणि घरांत भाऊबंदकी माजली. विजयदुर्गचा तुळाजी पेशव्यांस जुमानीना. आंग्र्यांचें दस्तक न घेतां फिरणारीं जहाजेंही तो धरी. मार्च १७५५ मध्यें मुंबईकर इंग्रज व नानासाहेब पेशवे यांचा करार झाला. समुद्रावरील मोहीम इंग्रजांनीं चालवावी, किल्ले पेशव्यांस मिळावे, असें ठरलें. एप्रिलांत कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. तो ठरल्याप्रमाणें मराठ्यांकडे आला व बाणकोट इंग्रजांस मिळालें. येथवर मैत्री निर्मळ होती.

पुढच्या वर्षीं विजयदुर्गची पाळी आली. वॉटसनचें आरमार व क्लाइव्हचें पायदळ मुंबईहून निघालें. निघण्यापूर्वींच इंग्रज अधिकाऱ्यांनीं लुटीच्या वांटण्या आपसांत ठरविल्या. त्यांत मराठ्यांचा वांटा नव्हता. इकडे मराठी फौज जमिनीवरून पोहोंचली होती आणि तुळाजी तिच्या छावणींत बोलणें करावयास आला होता. किल्ला परस्पर मराठ्यांच्या हातीं जाईल, ही इंग्रजांस भीति. १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं त्यांनीं तोफा डागल्या. एका जहाजावर पेटता गोळा पडला, आग पसरली आणि आंग्र्यांच्या गुराबा व गलबतें जळून गेलीं. त्याच रात्रीं क्लाइव्हनें आपले शिपाई उतरविले, ते किल्ला व मराठी फौज यांच्या मधोमध! दुसऱ्या दिवशीं किल्ल्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. सुमारें दहा लाखांची लूट त्यांनींच वांटून घेतली.

किल्ल्यासाठीं पेशव्यांस आठ महिने तगादा लावावा लागला. १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहानें विजयदुर्ग पेशव्यांकडे आला, बाणकोट इंग्रजांकडे राहिलें. आनंदराव धुळपांच्या हाताखालीं पेशव्यांचें आरमार पुढें नांदलें, हें खरें. परंतु इंग्रजांस धाक वाटावा असें बळ पुन्हां उभें राहिलें नाहीं. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांचीच झाली. ज्यांनीं एकदां भिऊन खंदक खणला, तेच आतां खाडी ओलांडून आले.

गिरगांवांत शिकवीत असतां हा धडा आला म्हणजे मुलें विचारीत, "गुरुजी, चूक कोणाची?" तुळाजी निर्दोष होता असें मी कधीं म्हटलें नाहीं. पण तो दोघांचा शत्रु होता, तशी दोघांमधील भिंतही होता. ती पाडण्यापूर्वीं पलीकडे कोण उभा आहे, हें पुण्यांत कोणी पाहिलें नाहीं. एप्रिल १९४५ मध्यें एल्ब नदीवर अमेरिकन व रशियन सैनिकांनीं हस्तांदोलन केलें. जून १९४८ मध्यें रशियानें बर्लिनची वाट अडविली. तेथेंही मधली भिंतच पडली होती. ही गोष्ट आमच्या कोंकणानें दोन शतकें आधीं पाहिली होती.