तंजावरच्या राण्यांची सुती साडी

कुंभकोणम म्हटलं की मराठी माणसाला देवळं आठवतात, महामहम तलाव आठवतो आणि फार तर डिग्री कॉफी. कापडाचा विषय निघालाच तर रेशीम, कारण इथल्या सौराष्ट्री विणकरांच्या पिढ्यान्‌पिढ्या रेशमावर गेल्या. पण तंजावरच्या भोसल्यांच्या राणीवशात मान होता तो एका सुती साडीला. ती व्हायची कुंभकोणमच्या उत्तरेला, कोल्लिडम नदीपलीकडच्या कोडाली करुप्पूर या खेड्यात. हे गाव आज अरियलूर जिल्ह्यात मोडतं.

साडी सुती असली तरी साधी नव्हे. आधी विणकर मागावरच सुतात जर भरायचा. तीही जामदानीच्या रीतीने, म्हणजे जिथे बुट्टी हवी तिथेच जरीचा जादा धागा हाताने घालून. मग कापड चिताऱ्याच्या हाती जायचं. तो त्या आकृतीच्या आतबाहेर कुठे ठशाने, कुठे कलमाने मेण लावायचा आणि लाल, तपकिरी, काळा रंग चढवायचा. दोन कारागीर, दोन विद्या आणि कापड एकच. चिताऱ्याला स्वतःची नक्षी मनासारखी मांडायची मुभा नव्हती. विणकराने जिथे जर टाकली तिथेच त्याने जमवून घ्यायचं. एकाचा हात चुकला की दोघांचीही मेहनत पाण्यात.

पैठणीत जर पुढे येऊन उभी राहते, पदर दाखवण्यासाठीच असतो. करुप्पूरच्या साडीत जर मागे सरते. लालसर तपकिरी रंगाच्या आडून ती मंद दिसते, आणि विणकाम कुठे संपलं नि रंगकाम कुठे सुरू झालं, हे लांबून कळत नाही. एवढं सोनं विणून वर ते अर्धंमुर्धं झाकायचं, ही श्रीमंतीची फार वरची पायरी म्हणायची. नुकत्याच पैसेवाल्या झालेल्याला ती परवडली तरी रुचायची नाही.

ही कला भोसल्यांनी दक्षिणेत नेली, असं कोणी अभिमानाने सांगू लागलं तर त्याला थांबवावं. तिचं मूळ नायकांच्या काळात आहे. 1532 ते 1673 या काळात तंजावरवर नायकांचं राज्य होतं, आणि त्यांच्या दरबारात तेलुगूला मान होता. कुंभकोणमचं रामस्वामी मंदिर उभारणारा रघुनाथ नायक याच घराण्यातला. कापडावर कलमाने देवादिकांची चित्रं काढणारी तेलुगूभाषक घराणी या आश्रयाने कावेरीकाठी स्थिरावली. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे तंजावरला आले ते नायकांची गादी गेल्यानंतर, 1675च्या सुमारास. राज्याबरोबर हे कारागीरही त्यांना आयते मिळाले. भोसल्यांचं श्रेय आहे ते ही कला राजवस्त्रात उतरवून टिकवण्याचं, आणि तेही थोडं नाही.

कलमकारीची रीत मुळापासून पाहिली तर कापड रंगवण्यापेक्षा धुण्यातच जास्त दिवस जातात. कोरं कापड आधी शेणाच्या पाण्यातून काढून उन्हात शुभ्र करायचं. मग हिरड्याच्या काढ्यात दूध घालून त्यात भिजवायचं. दुधाच्या स्निग्धपणामुळे पुढे काळी रेघ फुटत नाही. काळा रंग म्हणजे गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून केलेलं पाणी. कलम बांबूचं, त्याच्या टोकाजवळ कापडाची किंवा लोकरीची गुंडाळी. ती रंगात बुडवून चिताऱ्याने बोटांनी दाबली की रंग टोकाला उतरतो. ओढताना रेघ फिकी दिसते आणि हिरड्याशी गाठ पडली की काळी होते. लाल रंगाची गंमत याहून मोठी. चितारी कापडावर लाल रंग लावतच नाही, तुरटीचं पाणी लावतो. नंतर चायवेर नावाच्या मुळीच्या रंगात कापड उकळलं की तुरटी असेल तेवढीच जागा लाल धरते. बाकीचा रंग वाहत्या पाण्यात आणि उन्हात निघून जातो. म्हणून या धंद्याला नदी लागते. नुसती विहीर असून भागत नाही.

असं तयार झालेलं वस्त्र विकायला बाजारात मांडलेलं नसायचं. साड्या, पागोट्यांची कापडं, अंगवस्त्रं तंजावरच्या वाड्यावर जायची आणि तिथून सोयरिकींच्या वाटेने सातारा, कोल्हापूर, बडोदा इथल्या राजघराण्यांत पोचायची. बडोद्याचा धागा तर दुहेरी आहे. 1880 साली तिसऱ्या सयाजीरावांचं लग्न झालं ते तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाईंशी. त्याच पुढे चिमणाबाई झाल्या, आणि त्यांच्याबरोबर तंजावरचं नृत्यही बडोद्याला आलं. त्या वेळी बडोद्याचे दिवाण होते सर टी. माधवराव, जन्माने कुंभकोणमचे मराठी देशस्थ.

पण तोवर तंजावरचा वाडा आतून रिता झाला होता. तंजावरचे राजे सरफोजी यांचे पुत्र दुसरे शिवाजी 1855 साली पुरुष वारसाशिवाय वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केलं. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1859 मध्ये निकाल आला की हे राज्यसत्तेचं कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. एकाच घराच्या जिवावर चाललेल्या साडीचा आधार इथे तुटला. भर म्हणून 1868 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरीन हा लाल रंग प्रयोगशाळेत बनवला. कारखान्याचा लाल स्वस्तात मिळू लागल्यावर चायवेर खणायला कोण जाणार? एकोणिसावं शतक सरता सरता ती साडी विणणारं कोणी राहिलं नाही. तिचे नमुने आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसारख्या संग्रहांत बघावे लागतात. पुढे विणकर सेवा केंद्रांत जुन्या तुकड्यांवरून प्रयोग झाले. पण प्रयोग म्हणजे धंदा नव्हे.

कलम मात्र वाचलं, कारण त्याचं दुसरं गिऱ्हाईक देऊळ होतं. देवाला वारस लागत नाही, त्यामुळे त्याचं संस्थान खालसा होत नाही. रथाला लटकवायच्या गोल तोंब्या, दारावरची तोरणं, छताला बांधायची अस्मानगिरी, छत्र्यांची आवरणं हे काम करुप्पूरबरोबरच कुंभकोणमजवळच्या सिक्कलनायक्कनपेट्टै आणि तिरुप्पनंदाळ या गावांत चालू राहिलं. 2021 साली ‘करुप्पूर कलमकारी चित्रं’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन चित्रांना आहे, साडीला नाही, हे दुकानदाराची जाहिरात वाचताना लक्षात ठेवावं. ‘करुप्पूर’ म्हणून सोनेरी छापाचं रेशीम कोणी पुढे केलं तर आधी कापड उलटं करून पाहावं. जर विणलेली असेल तर मागूनही दिसते. छापलेलं सोनं मागे दिसत नाही.

आणि बडोदा, कोल्हापूर, सातारा इथल्या जुन्या घरांतल्या मंडळींना एक विनंती. आजीच्या पेटीत विटकरी रंगाची, जरीची सुती साडी निघाली तर ती बोहारणीला देऊ नका, आणि जरीतली चांदी काढायला जाळणाऱ्याला तर मुळीच नको. धुऊही नका. घडी दर काही महिन्यांनी बदला, म्हणजे त्याच रेघेवर कापड फाटणार नाही, आणि एकदा एखाद्या वस्तुसंग्रहालयातल्या जाणकाराला दाखवून घ्या.