दार नसलेले घर आणि उलटू पाहणारी भिंत

१/ नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर म्हटले की दोन गोष्टी आठवतात: छपराविना उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली शनिदेवाची शिळा, आणि चौकटी असूनही दारे नसलेली घरे. त्यामागील श्रद्धेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा थ्रेड चौकटीविषयी आहे. नेमके सांगायचे तर चौकटीमुळे भिंतीत पडणाऱ्या भगदाडाविषयी.

२/ लाकडी इमारतींचे गणित आज सॉफ्टवेअर करते. वारा वा भूकंप यांचा आडवा जोर पेलण्यासाठी लाकडी सांगाड्यावर प्लायवुड ठोकून केलेल्या भिंतीला ‘शिअर वॉल’ म्हणतात. उंच कपाट वरून ढकलले की एक कड जमिनीत रुतते आणि दुसरी उचलली जाते. भिंतीचेही तसेच होते. उचलली जाणारी कड पायाशी जखडून ठेवणारी लोखंडी जोडणी म्हणजे ‘होल्ड-डाउन’.

३/ समजा, भिंत १० फूट लांब, १० फूट उंच. माथ्यावर आडवा जोर १,००० किलो. उलटवणारा परिणाम १,००० × १० = १०,०००. भिंतीवरचे वजन ९०० किलो, पण ते पूर्ण धरत नाहीत. सावधगिरी म्हणून त्याच्या ०.६ पट, म्हणजे ५४०. ते भिंतीच्या मध्यावर, ५ फुटांवर काम करते: २,७००. उरले ७,३००. त्याला लांबीने भागा: ७३० किलो. इतक्या ओढीने ती कड वर येऊ पाहते.

४/ आता या भिंतीत मधोमध ३ फुटांची चौकट बसवा. साडेतीन-साडेतीन फुटांचे दोन तुकडे उरले. प्रत्येकावर जोर निम्मा, ५०० किलो. तरीही हिशेब केल्यास प्रत्येक तुकड्याची उचल सुमारे १,३३० किलो येते. शिवाय जखडायच्या जागा दोनाच्या चार झाल्या. चौकटीला दार आहे की नाही, हे सॉफ्टवेअर विचारतही नाही. त्याच्या लेखी सगळे गाव शिंगणापूरच.

५/ आपल्याकडे ही उचल कशी रोखत? वजनाने. वाड्याचा लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असे; वरच्या मजल्यांचा आणि माळवदाचा भार त्याला खाली दाबून ठेवी. पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि आतील लाकडी इमला गेला. आज आत जोती आणि तळखडे पाहताना लक्षात येते की खांब दगडावर नुसता टेकलेला असे.

६/ वाऱ्यापुरती ही युक्ती उत्तम, कारण वाऱ्याचा जोर घराच्या वजनावर अवलंबून नसतो. भूकंपाचा जोर मात्र वजनातूनच जन्मतो. वजन दुप्पट केले की दाबून धरणारी बाजू दुप्पट होते आणि उलटवणारीही. हादरा इतका तीव्र असेल की भिंत उलटूच पाहते, तर वजन वाढवल्याने उचल घटत नाही, उलट वाढते. माझ्या मते आपल्या जुन्या बांधकामाच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची बेरीज-वजाबाकी आहे, आणि ती आपण फार उशिरा मांडली.

७/ ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झालेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. अधिकृत आकड्यानुसार ७,९२८ माणसे गेली. घरे जाड दगडी भिंतींची, मातीत बांधलेली. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांत न गुंफलेले, वर मातीचे जड माळवद. भिंती फुगून फुटल्या. काही ठिकाणी लाकडी खांबांनी माळवद तोलून धरले, पण दगड माणसांवर कोसळलेच. पुढे मजबुतीकरणासाठी सुचवलेले उपाय पाहा: माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्या. पहिला उपाय थेट वजनाचा आहे.

८/ १७ जानेवारी १९९४, कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज: तीन मजली लाकडी इमारतीचा तळमजला बसला आणि त्या एकाच ठिकाणी १६ जण गेले. बरोबर एका वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमधील कोबे. तिथली जुनी लाकडी घरे आपल्या माळवदाची आठवण करून देतात: डोक्यावर जड मातीची कौले, खाली सैल सांधे. कितीतरी घरांत खांबाचे कुसू खालच्या तुळईच्या खाचेतून उपसून वर आले. होल्ड-डाउनने जी उचल रोखायची, ती हीच. जपानने २००० साली नियम बदलून खांबाच्या टोकाशी कोणती जोडणी हवी, हे ठरवून दिले.

९/ जाता जाता एक गंमत. या सॉफ्टवेअरमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे छताचे वजन नको त्या भिंतीवर धरणे. तुळया ज्या भिंतींवर टेकतात त्यांनाच भार मिळतो. तुळयांना समांतर जाणारी भिंत हलकी राहते, म्हणून तिची उचल अधिक. आकडा चुकीच्या भिंतीला दिला की पडद्यावर ‘होल्ड-डाउनची गरज नाही’ असे खुशाल उमटते. तुळया कोणत्या अंगाने टाकायच्या, हे वाडा बांधणाऱ्या सुताराला पहिल्या दिवशीच ठरवावे लागे. जुन्या वाड्यात गेलात तर आधी कडीपाटाकडे मान वर करून पाहा, मग तळखड्याकडे.