आकसाची घरे

* आकसाची घरे : शेजाऱ्याची खोड मोडण्यासाठी उठवलेली बांधकामे. न्यूयॉर्कमध्ये जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीला मनाजोगा भाव मिळेना, म्हणून जोसेफ रिचर्डसन यांनी १८८२ मध्ये तिच्यावर जेमतेम पाच फूट रुंदीचे चार मजली घर चढवले. शेजारच्या खिडक्या बुजल्या. १९१५ मध्ये ते पाडले गेले.

न्यूझीलंडमधले गाजलेले भांडण मात्र कुंपणाचे. वेलिंग्टनच्या रोझनीथ भागात शेजाऱ्यांच्या खिडक्यांसमोर सुमारे चार मीटर उंच लाकडी भिंत उभी राहिली. आतून मुलांचे खेळायचे ठिकाण, बाहेरून नुसत्या फळ्या. समुद्र दिसेनासा झाला. २०१६ मध्ये पर्यावरण न्यायालयाने तिची उंची उतरवायला लावली.

तिथल्या २००७ च्या मालमत्ता कायद्यानुसार, देखावा अवाजवी अडवणारे झाड वा बांधकाम हटवण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. त्यासाठी आकस सिद्ध करावा लागत नाही.