इंटेल कोअर आय५-५३००यू

इंटेल कोअर आय५-५३००यू : कचेरीच्या लॅपटॉपांसाठी इंटेलने जानेवारी २०१५ मध्ये बाजारात आणलेला, कमी विजेवर चालणारा प्रोसेसर. ‘ब्रॉडवेल’ या सांकेतिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाचव्या पिढीतला हा मधल्या दर्जाचा नग. कोअर दोन, थ्रेड चार. मूळ वेग २.३ गिगाहर्ट्‌झ, गरज पडली तर २.९ पर्यंत; कॅशे ३ मेगाबाइट; औष्णिक मर्यादा १५ वॉट. हे आकडे २०१५ मध्येही कोणाचे डोळे दिपवणारे नव्हते. तरी लेनोवोचे थिंकपॅड टी४५० व एक्स२५०, डेलचे लॅटिट्यूड ई७४५०, एचपीचे एलिटबुक ८४० जी२ आणि पॅनासॉनिकचे दणकट टफबुक सीएफ-३१ अशा नावाजलेल्या यंत्रांत तो बसला. त्याला वेगापायी मागणी नव्हती. एकगठ्ठा लॅपटॉप घेऊन ते वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या आयटी विभागांना जे हवे होते, ते त्यात होते.

ब्रॉडवेल ही नव्याने आखलेली रचना नव्हे. आधीच्या ‘हॅसवेल’ पिढीचा आराखडा फारसा न बदलता तो २२ नॅनोमीटरवरून १४ नॅनोमीटरच्या तंत्रावर उतरवला, एवढेच. पण हे ‘एवढेच’ इंटेलला जड गेले. सदोष चिपांचे प्रमाण जास्त निघाल्याने उत्पादन एक तिमाही पुढे ढकलत असल्याचे तेव्हाचे मुख्याधिकारी ब्रायन क्रझानिच यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर केले. पंखा न लागणाऱ्या पातळ यंत्रांसाठीची ‘कोअर एम’ ही भावंडे सप्टेंबर २०१४ मध्ये आली आणि १५ वॉटच्या चिपांना २०१५ उजाडले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात सहावी पिढी, ‘स्कायलेक’, दाखल झाली. त्यामुळे नवा म्हणून मिरवायला ५३००यूला वर्षसुद्धा धड मिळाले नाही.

या आटापिट्याचे फळ सिलिकॉनच्या तुकड्यावर दिसते. हॅसवेलचा याच वर्गातला तुकडा १३१ चौरस मिलिमीटरचा होता आणि त्यात सुमारे ९६ कोटी ट्रान्झिस्टर होते. ब्रॉडवेलने १३० कोटी ट्रान्झिस्टर ८२ चौरस मिलिमीटरमध्ये बसवले. वाढीव ट्रान्झिस्टरांचा मोठा वाटा चित्रप्रक्रियेकडे गेला. ‘एचडी ग्राफिक्स ५५००’ या अंगभूत भागात २४ गणनघटक आहेत; हॅसवेलच्या तोडीच्या चिपमध्ये ते २० होते. निव्वळ आकडेमोडीत मात्र त्याच वेगाला पाचेक टक्क्यांचीच भर पडली. जुना लॅपटॉप बदलून हा घेणाऱ्याला एक्सेलची फाइल जास्त झपाट्याने उघडल्याचे क्वचितच जाणवले असेल. बॅटरी जास्त पुरते, हे मात्र जाणवले.

१५ वॉट म्हणजे चिप सतत १५ वॉट खाते, असे नाही. दीर्घकाळ काम चालू असताना शीतन व्यवस्थेने किती उष्णता बाहेर काढायची, त्याचा तो हिशेब आहे. क्षणभर चिप याहून जास्त वीज ओढते, आणि कचेरीच्या कामात बराच वेळ याहून पुष्कळ कमी. मेल वाचताना, दोन कळा दाबण्याच्या मधल्या वेळेतसुद्धा, कोअर झोपी जातात. झोपेच्या पायऱ्या अनेक असून सर्वांत खोल पायरीवर चिपचा बहुतेक भाग बंद असतो. चिपसेटही वेगळा नाही, ४० बाय २४ मिलिमीटरच्या त्याच पट्टीवर प्रोसेसरच्या शेजारी बसवलेला आहे. लॅपटॉप बनवणाऱ्याला हवे तर मर्यादा ७.५ वॉटपर्यंत खाली आणता येते. या पिढीमुळे हॅसवेलपेक्षा बॅटरी दीड तासापर्यंत जास्त चालते, असा इंटेलचा दावा होता. थिंकपॅड टी४५० आणि एक्स२५० मध्ये एक बॅटरी आत आणि दुसरी बाहेरून लावायची असते. बाहेरची मोठी, ७२ वॉट-तासांची बॅटरी लावली की कामाचा दिवस चार्जरशिवाय निघे. बाहेरची बॅटरी यंत्र चालू असतानाच काढून दुसरी लावता येते, ही सोय नंतरच्या पातळ लॅपटॉपांनी घालवली.

५३००यूचे खरे वैशिष्ट्य त्याच्या धाकट्या भावाशेजारी ठेवले की कळते. घरगुती लॅपटॉपांत सर्रास दिसणारा आय५-५२००यू हा तोच तुकडा, वेग किंचित कमी. त्याच्याकडे नाही ते ‘व्हीप्रो’. व्हीप्रो हे सोयींच्या एका संचाचे नाव. त्यातली सर्वांत महत्त्वाची सोय म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजी’, अर्थात एएमटी. चिपसेटमध्ये मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्र असा छोटा प्रोसेसर असतो. लॅपटॉप बंद असला तरी वायर आणि चार्जर जोडलेले असतील तर तो जागा असतो आणि इंटेलच्याच नेटवर्क चिपमार्फत आयटी विभागाशी बोलतो. विंडोज उघडतच नाही, निळा पडदा येतो, अशा वेळी मुख्य कचेरीतला तंत्रज्ञ दुसऱ्या गावातल्या शाखेतले यंत्र दुरून चालू करू शकतो, बायोसचा पडदा स्वतःच्या मॉनिटरवर पाहू शकतो आणि दुरुस्तीची डिस्क नेटवर्कवरून जोडू शकतो. माणूस पाठवण्याचा खर्च वाचतो. याच संचात चिप व ड्रायव्हर किमान १५ महिने न बदलण्याची हमीही येते. एकट्यादुकट्या ग्राहकाला ती निरर्थक वाटेल. पण विंडोजची एकच प्रत तयार करून सगळ्या यंत्रांवर चढवणाऱ्याला पुढच्या खेपेतल्या लॅपटॉपवर ती बिनबोभाट चालणे फार मोलाचे असते.

हीच सोय पुढे अंगाशी आली. १ मे २०१७ रोजी जाहीर झालेला दोष एएमटीच्या सहाव्यापासून ११.६ पर्यंतच्या आवृत्त्यांत होता. ५३००यूच्या यंत्रांतली दहावी आवृत्ती अर्थातच त्यात आली. एएमटीचे वेबपान १६९९२ क्रमांकाच्या पोर्टवर उघडते आणि पासवर्डवरून तयार झालेले उत्तर तपासून प्रवेश देते. तपासणाऱ्या सूत्रात घोळ असा, की आलेले उत्तर जेवढे लांब तेवढीच अक्षरे ताडून पाहिली जात. उत्तर कोरेच पाठवले तर ताडायची अक्षरे शून्य, आणि दार उघडे! सुरक्षेसाठी जादा पैसे मोजून घेतलेल्या यंत्रांवरच हा प्रसंग यावा, यासारखी शोभा नाही. इंटेलने दुरुस्ती दिली, पण ती प्रत्येक लॅपटॉप कंपनीच्या बायोस-अद्यतनातून पोहोचवावी लागली.

जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे प्रोसेसरच्या रचनेतच मुरलेले दोष उघड झाले. त्यांवरचा इंटेलचा पहिला मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची दुरुस्ती, बसवल्यावर नेमक्या हॅसवेल आणि ब्रॉडवेलच्या यंत्रांत आपोआप रीस्टार्ट होण्याचे प्रकार वाढले. २२ जानेवारीला इंटेलने तो बसवणे थांबवा, असे सांगितले आणि नंतर सुधारित मायक्रोकोड दिला. या दुरुस्त्यांपायी वेगावर थोडे पाणी सोडावे लागले.

मेमरी डीडीआर३एल प्रकारची, जास्तीत जास्त १६ गिगाबाइट. ती दोन मार्गांनी जोडता येते, पण एक्स२५० सारख्या लहान लॅपटॉपात खाच एकच असल्याने एकच मार्ग वापरला जातो आणि त्याची किंमत चित्रप्रक्रियेला मोजावी लागते. व्हिडिओत एच.२६४ पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडतो. व्हीपी९ आणि एचईव्हीसी मात्र अर्धवटच. मोठ्या रेझोल्यूशनचा यूट्यूब लावला की पंखा ऐकू येतो, त्याचे कारण हे. प्रोसेसर मदरबोर्डवर झाळलेला असतो, त्यामुळे तो काढून दुसरा बसवण्याचा प्रश्नच नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीने याच १५ वॉटमध्ये चार कोअर बसवले आणि दोन कोअरचा जमाना संपवला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने रेघ ओढली तीही इंटेलच्या आठव्या पिढीपाशी. ५३००यू अधिकृत यादीबाहेर राहिला आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे समर्थनही संपले. लिनक्सवर तो अजून बिनतक्रार चालतो.

कंपन्यांनी हे लॅपटॉप बदलले तसे ते जुन्या मालाच्या बाजारात आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली इथेही थिंकपॅड आणि लॅटिट्यूड ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकले जातात. एसएसडी आणि ८ गिगाबाइट मेमरी असेल तर मराठी टंकलेखन, हिशेब, ऑनलाइन वर्ग यांना ५३००यू पुरेसा आहे. फोटोशॉप किंवा व्हिडिओ-संपादनासाठी तो घेऊ नये, आणि ‘आय५ आहे’ एवढ्याच बोलीवर तर मुळीच घेऊ नये. पिढी कोणती, ते विचारावे. घेताना विक्रेत्यासमोरच यंत्र चालू करून कंट्रोल आणि पी दाबावे व एएमटीच्या पडद्यावर जुन्या कंपनीची नोंदणी शिल्लक नाही ना, ते पाहावे. बायोसला पासवर्ड असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. थिंकपॅडवरचा तो पासवर्ड बॅटरी काढून जात नाही.