दोरीच्या आंतला राजा

राजा म्हणजे मनाला येईल तसें वागण्यास मोकळा असलेला पुरुष, ही समजूत कहाण्यांतून व नाटकांतून आपल्या मनांत लहानपणींच रुजते. प्राचीन राजांचीं चरित्रें जरा बारकाईनें चाळूं लागलों, म्हणजे मात्र आम्हांस वारंवार उलट प्रत्यय येतो. मौर्य घराण्याचेंच उदाहरण घेऊं.

इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास चंद्रगुप्ताच्या दरबारीं आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनीस याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. परंतु त्यांतील बरीच माहिती स्ट्रॅबो या भूगोलकारानें उतरून ठेविली आहे. तींत राजाच्या शिकारीचें वर्णन आहे. राजाभोंवतीं शस्त्रधारी स्त्रियांचें कडें, त्याबाहेर भालदारांचें. मार्गावर दोऱ्या लाविलेल्या, आणि दोरी ओलांडून स्त्रियांपर्यंत जाणारास मृत्युदंड. हा राजा दिवसां निजत नसे आणि रात्रीं कटाच्या भयानें वेळोवेळीं बिछाना बदलीत असे. दोरी लोकांना दूर ठेवण्यासाठीं होती हें खरें. पण तिच्या आंत उभा कोण होता?

कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसुरास छापून प्रसिद्ध केलें. ग्रंथाच्या काळाविषयीं पंडितांत वाद आहे. पण त्यांतील राजाची दिनचर्या वाचून आम्हांस तरी तिचा हेवा वाटला नाहीं. दिवसाचे आठ भाग, रात्रीचे आठ. दीड-दीड तासाच्या या सोळा भागांपैकीं झोंपेस दोन! दिवसाच्या सहाव्या भागांत स्वैरविहाराची मुभा आहे, पण त्याच भागांत मसलतीचीही सोय करून ठेविली आहे. अन्न आधीं अग्नीस व पक्ष्यांस घालावयाचें, मग आपण खावयाचें. राणीची भेट घेण्यापूर्वीं वृद्ध दासीकडून तिची खातरजमा करून घ्यावयाची. कारण अंतःपुरांत मारल्या गेलेल्या राजांची यादीच ग्रंथकारानें पुढें केली आहे. काशिराजाला तर त्याच्या राणीनें मध म्हणून विष कालवून लाह्या खाऊं घातल्या. त्या काळचा एखादा कुणबी आपली पेज याहून निर्धास्तपणें पीत असेल.

चंद्रगुप्ताचा नातू अशोक. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना वसईजवळ सोपाऱ्यास त्याच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. हा लेख नेमका राजांच्या करमणुकीवर आहे. पूर्वींचे राजे शिकारीसाठीं विहारयात्रेस जात. अशोक मात्र अभिषेकास दहा वर्षें झाल्यावर बोधीस गेला आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाली. तींत ब्राह्मणश्रमणांची भेट, वृद्धांस दान, खेड्यापाड्यांतील लोकांशीं बोलणें. आणि यांतच आपल्यास अधिक आनंद होतो, असें तो सांगतो. सहाव्या लेखांत त्याची आज्ञा आहे कीं, आपण जेवत असूं, अंतःपुरांत असूं वा बागेंत असूं, प्रजेचें काम तेथें येऊन कळवावें. झोंप आजोबाइतकीच मोडणार; पण आजोबाची भयानें मोडे, नातवानें ती आपण होऊन मोडूं दिली. परतंत्र दोघेही, पण या दोन परतंत्रतांत आम्हांस फार मोठें अंतर दिसतें.

येथवर आलों म्हणजे अशोकाची आरती ओवाळण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ लेखकांस तो आवरत नाहीं. पण तेरावा लेख पाहावा. कलिंगाच्या युद्धांत दीड लक्ष माणसें देशांतून हलविलीं, एक लक्ष मारलीं, त्याच्या कित्येक पट मेलीं, हें अशोकानेंच नमूद केलें आणि आपला पश्चात्तापही कोरून ठेविला. असा कबुलीजबाब देणारा दुसरा विजेता शोधूनही सांपडणें कठीण. तथापि त्याच लेखांत अरण्यवासी लोकांस बजाविलें आहे कीं, राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या अंगीं दंड करण्याचें सामर्थ्य आहे.

खुद्द कलिंगांत, धौली व जौगड येथें, हा तेरावा लेख कोरलेलाच नाहीं. तेथें त्याऐवजीं अधिकाऱ्यांस उद्देशून दोन निराळे लेख आहेत. सर्व माणसें आपलीं लेंकरें आहेत, असें म्हणून राजा त्यांस विनाकारण कैद व छळ होऊं न देण्याविषयीं बजावतो. आणि असा अन्याय मत्सर, संताप, निष्ठुरता, उतावीळ, आळस व थकवा यांमुळें घडतो, असें सांगतो. थकव्याची गणना या पंक्तींत करणाऱ्याला माणसांची पारख खासच होती!

मात्र देशोधडीस लागलेल्या त्या दीड लक्ष माणसांस परत धाडल्याविषयीं तेराव्या लेखांत अवाक्षर नाहीं. धर्मयात्रेंत खेडोपाडीं हिंडतांना त्यांपैकीं कोणी त्याला भेटलें असेल काय, आणि भेटलें असल्यास काय बोलणें झालें असेल, हा विचार सोपाऱ्याच्या त्या तुकड्याची आठवण झाली म्हणजे आमच्या मनांतून जात नाहीं.